आजीच्या गिन्नीवर एडवर्डचं नाव आहे, ही ती दहा लाख पौंडवाली असू शकते का?

मृदुला_के

नमस्कार मंडळी, इथे जुन्या नाण्यांमधले बरेच जाणकार आहेत म्हणून धागा काढतेय. आमच्या आजीकडे सोन्याच्या दोन गिन्न्या आहेत, तिच्या सासूने तिला लग्नात घातलेल्या. एकीला वर कडी लावलेली आहे कारण ती काळ्या पोतीत ओवलेली असायची, आणि दुसरी मोकळीच आहे, ती वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला बाहेर निघते. इतकी वर्षं कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. पण आता आमच्या मामेभावाने फॅमिली ग्रुपवर कुठली तरी बातमी टाकली की एडवर्ड राजाचं चित्र असलेली अशीच एक गिन्नी इंग्लंडमधे दहा लाख पौंडाला विकली गेली, आणि खाली लिहिलं "आजीची पण एडवर्डचीच आहे ना???" झालं, तेव्हापासून ग्रुपवर नुसता धुमाकूळ चाललाय, एका काकांनी तर रुपयात हिशोब करून वाटण्या पण करून टाकल्या, आणि आजी म्हणते माझ्या जिवंतपणी हात लावाल तर बघा.

तर कडीवाल्या गिन्नीवर एडवर्डचं नाव आहे हे खरं आहे, इंग्रजीत आहे पण यू च्या जागी व्ही कोरलाय, त्यापुढे रोमन आकडा आहे पण कडीच्या झाळणीमुळे नीट कळत नाही किती ते. एक तर बातमी खरी आहे का, आणि खरी असेल तर एवढी किंमत कशाची? सोनं तर दोन्हीत सारखंच असणार ना? आणि आपली कुठली ते घरच्या घरी कसं ओळखायचं, कारण सराफाकडे न्यायला आजी देत नाहीये.

टवाळ_कार्टा

काकांना म्हणावं वाटण्या करताना इन्कम टॅक्सवाल्यांचा वाटा काढून ठेवा 😂 बाकी जाणकार येतीलच, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नाणेवेडा

ताई, बातमी खरी आहे पण राजा वेगळा आहे. जानेवारी २०२० मधे आठव्या एडवर्डचं १९३७ सालचं सॉव्हरिन (आपण जिला गिन्नी म्हणतो तेच नाणं) दहा लाख पौंडाला गेलं, त्यावेळच्या दराने नऊ कोटींच्या वर, आणि तोपर्यंत कुठल्याही ब्रिटिश नाण्याला एवढी किंमत आली नव्हती. तुमच्या आजीकडची बहुतेक शंभर टक्के सातव्या एडवर्डची असणार, म्हणजे आठव्याचे आजोबा. ते १९०१ ते १९१० गादीवर होते, त्यांची सॉव्हरिनं १९०२ पासून १९१० पर्यंत दरवर्षी लाखोंनी पाडली गेली आणि भारतात पोत्यांनी आली, त्यामुळे आपल्याकडे ज्या घरात गिन्नी आहे तिथे व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड नाहीतर पाचवा जॉर्ज यांच्यापैकीच कोणीतरी निघतं.

ओळखायला आकडा दिसायचीही गरज नाही, चेहरा बघा. सातव्याला दाढी आहे, टक्कल पडलेलं आहे आणि तोंड उजवीकडे आहे. आठवा गुळगुळीत दाढी केलेला, डोक्यावर भरपूर केस, तोंड डावीकडे. आणि मागच्या बाजूला घोड्यावरचा सेंट जॉर्ज ड्रॅगनला मारतोय त्याच्या खाली साल असतं, ते वाचा. आठव्याच्या सगळ्या इंग्लंडच्या नमुना नाण्यांवर साल १९३७ आहे, दुसरं कुठलं असूच शकत नाही.

आता एवढी किंमत कशाची, तर त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल कारण सगळी किंमत त्या गोष्टीचीच आहे. पाचवा जॉर्ज २० जानेवारी १९३६ ला गेला आणि त्याचा थोरला मुलगा आठवा एडवर्ड म्हणून गादीवर आला. नवीन राजा आला की नवीन चेहऱ्याची नाणी काढायची, पण ते काम एका रात्रीत होत नाही, चित्रकार बसवायचा, प्लास्टरचं मॉडेल करायचं, ते यंत्रावर बारीक करून ठसा बनवायचा, राजाने पसंत करायचं, यात महिने जातात. चेहरा केला थॉमस हम्फ्री पॅजेट नावाच्या शिल्पकाराने. आणि इथेच पहिला वाद झाला. दुसऱ्या चार्ल्सपासून, म्हणजे सतराव्या शतकापासून इंग्लंडमधे रिवाज आहे की एका राजाचं तोंड डावीकडे तर पुढच्याचं उजवीकडे. पाचव्या जॉर्जचं डावीकडे होतं म्हणजे एडवर्डचं उजवीकडे यायला पाहिजे होतं. पण पठ्ठ्या म्हणाला माझा भांग डावीकडे आहे, मी डाव्या बाजूनेच चांगला दिसतो, तिकडूनच काढा. रॉयल मिंटवाल्यांनी, म्हणजे तिथल्या सरकारी टांकसाळीने, समजावून बघितलं पण राजाच तो, ऐकतोय कशाला, शेवटी डावीकडेच तोंड झालं.

नाणी १९३७ च्या सुरुवातीला काढायचा बेत होता म्हणून ठशांवर साल १९३७ घातलं आणि थोडे नमुने पाडून बघितले. तेवढ्यात वॉलिस सिम्पसन प्रकरण पेटलं, दोनदा घटस्फोट घेतलेल्या अमेरिकन बाईशी लग्न करायचं तर गादी सोडा असा पेच आला, आणि ११ डिसेंबर १९३६ ला त्याची राजवट संपली. उणंपुरं वर्षही नाही. म्हणजे बघा, साल उजाडायच्या आधीच राजा गेला. नाणी जाहीर झालीच नाहीत, एकही नाणं रीतसर कोणाच्या हातात पडलं नाही. नमुने सीलबंद खोक्यात घालून मिंटच्या तिजोरीत ठेवले ते १९७० पर्यंत तसेच. खुद्द एडवर्डने नंतर आपल्या नाण्यांचा एक संच मागितला तर धाकट्या भावाने, म्हणजे तेव्हाच्या राजाने, नाही म्हणून सांगितलं! सॉव्हरिनं जेमतेम सहा माहीत आहेत आणि त्यातली बहुतेक म्युझियम वगैरेंकडे आहेत. मग जे एखाद-दुसरं खाजगी हातात आहे ते विकायला आलं की काय होणार ते सांगायला नको. मार्च २०२१ मधे त्याचंच पाच पौंडाचं सोन्याचं नाणं अमेरिकेत लिलावात २२ लाख ८० हजार डॉलरला गेलं.

तुमचा प्रश्न होता सोनं सारखंच ना, तर हो, अगदी सारखं. कुठलंही सॉव्हरिन ७.९८ ग्रॅम, २२ कॅरेट, त्यात निव्वळ सोनं ७.३२ ग्रॅम. आजीच्या गिन्नीत जेवढं सोनं आहे तेवढंच त्या नऊ कोटीच्या नाण्यात आहे.

पेठेतला_सराफ

नाणेवेडांनी इतिहास सांगितला, मी पेढीवर बसणारा माणूस, मी व्यवहाराचं सांगतो. वर्षातून तीन-चार गिऱ्हाईकं तरी मोबाईलवर कसली तरी बातमी दाखवत येतात की अशी गिन्नी कोटींना गेली, आमचीही घ्या. ताई, कडी झाळलेली असेल तर संग्राहक तिला नाणं म्हणून धरतच नाही, दागिना म्हणतो. परदेशात ते ग्रेडिंग करून, म्हणजे नाण्याच्या स्थितीची प्रत ठरवून, प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतात ना, तिथेही झाळलेल्या नाण्याला पूर्ण ग्रेड मिळत नाही. मग राहतो सोन्याचा भाव, आणि वजनात कडी आणि झाळ धरून येते म्हणजे आठ ग्रॅमच्या वर भरेल, त्याने हुरळून जाऊ नका.

आणि मोडायला आलात तर टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, बघितल्याशिवाय पैसे घेऊ-देऊ नका, पण एक गोष्ट लोकांना माहीत नसते, कॅरेटमीटरवर ९१.६ आलं म्हणजे गिन्नी अस्सल असं होत नाही. गेल्या शतकात बैरूतकडे आणि इटलीत खोट्या गिन्न्या भरपूर पाडल्या गेल्या आणि त्यातल्या कितीतरी खऱ्या २२ कॅरेट सोन्याच्या होत्या, कारण तेव्हा गिन्नी सोन्यापेक्षा चढ्या भावाने विकली जायची, वरचा फरक खिशात. त्यामुळे मशीन फक्त सोनं सांगतं, ठसा कुणाचा ते डोळ्यांनीच बघावं लागतं. अक्षरं गुबगुबीत, सुजल्यासारखी दिसली, कडेचे दाते एकसारखे नसले, ड्रॅगनच्या पंखावरच्या रेषा पुसट असल्या की मी बाजूला ठेवतो. व्यास साधारण २२ मिलिमीटर भरला पाहिजे, व्हर्नियर कॅलिपर असेल घरात कोणा इंजिनियरकडे तर लावून बघा.

आणि कृपा करून चिंच-मीठ लावून घासू नका दिवाळीच्या आधी. मोकळी गिन्नी असेल तर घासल्याने तिचं जे काही नाणेपण आहे ते जातं.

स्पष्टवक्ता

मला हे सगळं श्रीमंतांचे चोचले वाटतात, सॉरी. सात ग्रॅम सोन्याला नऊ कोटी. ज्या माणसाला स्वतःच्या देशाची गादी सांभाळता आली नाही त्याच्या तोंडासाठी? हाच तो युवराज असताना १७ नोव्हेंबर १९२१ ला मुंबईत उतरला होता, काँग्रेसचा बहिष्कार, गांधीजींनी परदेशी कपड्यांची होळी केली आणि शहरात दंगल उसळून माणसं मेली. ते कोणाला आठवत नाही, भांग कुठल्या बाजूला होता ते आठवतं.

लंडनकर_मंग्या

@स्पष्टवक्ता मुद्दा बरोबर आहे पण नाणी गोळा करणारा माणूस राजा चांगला होता का वाईट ते बघून गोळा करत नाही हो, औरंगजेबाची मोहोर पण लोक जपून ठेवतातच की. जाता जाता, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या एडवर्डच्या नावाचं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, ते त्याच्या बापाच्या नावाने, पाचवा जॉर्ज १९०५ मधे युवराज म्हणून आला होता तेव्हाची पायाभरणी आहे ती.

इथली एक गंमत सांगतो. एडवर्ड गेला आणि धाकटा भाऊ सहावा जॉर्ज आला, तेव्हा मिंटपुढे प्रश्न पडला की आता याचं तोंड कुठे करायचं. त्यांनी काय केलं, एडवर्डचं तोंड उजवीकडेच होतं असं मानून चालले आणि जॉर्जचं डावीकडे केलं. म्हणजे पाचवा जॉर्ज डावीकडे, मधे एक न निघालेला, आणि सहावा जॉर्ज पुन्हा डावीकडे. मग एलिझाबेथ उजवीकडे आणि आता चार्ल्स डावीकडे. खिशातल्या चिल्लरवर आजही तो हिशोब चालू आहे.

दुसरं म्हणजे १९३७ साल दिसलं की लगेच उड्या मारू नका, कारण सहाव्या जॉर्जचंही १९३७ चं सॉव्हरिन आहे, राज्याभिषेकाच्या संचात काढलेलं, साडेपाच हजारांच्या आसपास पाडलं गेलं. राज्याभिषेकाची तारीखही तीच ठेवली होती, १२ मे १९३७, राजा तेवढा बदलला. त्या जॉर्जचा चेहराही पॅजेटनेच केलाय. तेही महाग आहे पण कोटींच्या घरात नाही. ऑनलाइन जाहिरातीत नुसतं "१९३७ सॉव्हरिन, दुर्मिळ" असं टाकून लोकांना गंडवतात. शिवाय आठव्याच्या नावाचे फँटसी तुकडे, म्हणजे नाण्यासारखे दिसणारे काल्पनिक तुकडे, खासगी कंपन्यांनी नंतर बक्कळ काढलेत, त्यांचा मिंटशी काही संबंध नाही. आमच्या इथे एका कार बूट सेलमधे (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) एकाने मला असलाच एक तुकडा "ओरिजिनल एडवर्ड" म्हणून वीस पौंडाला दाखवला, मी हसलो तर दहावर आला.

मृदुला_के

सगळ्यांचे खूप आभार! काल रात्री आजीचा मूड बघून भिंग घेऊन बसले. कडीवाल्यावर दाढी आहे, टक्कल आहे, तोंड उजवीकडे, साल १९०७, आणि सालाच्या वर मातीच्या रेषेवर बारीक पी आहे. म्हणजे सातवाच. ग्रुपवर टाकल्यावर काका ऑफलाइन गेलेत 😄

पण मोकळी आहे ना तिच्यावर जॉर्ज आहे, दाढीवाला, तोंड डावीकडे, साल १९१८, आणि तिथेच घोड्याखाली, सालाच्या बरोबर मधोमध वर एक छोटी उभी दांडी आहे. मला आधी ओरखडा वाटला. तो एक आहे की आय?

नाणेवेडा

अहो ताई, तो आय आहे, आय फॉर इंडिया! ते नाणं मुंबईत पाडलेलं आहे. आमच्यासारख्यांना ते कडीवाल्यापेक्षा कितीतरी जास्त आवडणारं नाणं आहे.

हे अक्षर नाणं कुठे पाडलं ते सांगतं, तुमच्या कडीवाल्यावरचा पी म्हणजे पर्थ, ऑस्ट्रेलिया. त्याच जागी एस असेल तर सिडनी, एम मेलबर्न, सी ओटावा, एसए प्रिटोरिया, आणि काहीच नसेल तर लंडन. ही अक्षरं फार महत्त्वाची असतात, सातव्या एडवर्डची ढीगभर नाणी असली तरी १९०८ सालचं सी वालं फक्त ६३६ पाडलं होतं, तसं कोणाकडे निघालं तर खरोखर पार्टी द्यायची. १९१७ चं लंडनचं पण तसंच, कागदावर दहा लाखांवर आकडा आहे पण बहुतेक वितळली गेली, आणि त्याच सालचं सिडनी, पर्थचं मात्र सहज मिळतं.

आता मुंबईचं. पहिल्या महायुद्धात समुद्रात जर्मन पाणबुड्या, सोनं लंडनला पाठवायचं आणि तिथून नाणी करून परत आणायची म्हणजे जोखीम. आणि इकडे भारतात सॉव्हरिन चलनात होतं, १८९९ पासून पंधरा रुपयांना एक. म्हणून फोर्टमधल्या मुंबई टांकसाळीच्या आवारातच रॉयल मिंटची शाखा काढली. लंडनहून ठसे आणि यंत्रं यायला उशीर होत होता, लोकांना सोनं तर पाहिजे, म्हणून आधी १९१८ मधे पंधरा रुपयांची सोन्याची मोहोर काढली, अगदी सॉव्हरिनच्याच वजनाची आणि आकाराची. मग ऑगस्ट १९१८ पासून खरं सॉव्हरिन सुरू झालं, आय अक्षराचं. साधारण तेरा लाख पाडली आणि युद्ध संपलं, १९१९ मधे शाखा बंद. त्यामुळे ब्रिटिश काळातलं आय अक्षर फक्त १९१८ या एकाच सालावर मिळतं. पुढे थेट २०१३ पासून पुन्हा भारतात आय अक्षराची सॉव्हरिनं निघायला लागली, रॉयल मिंटच्या परवान्याने, ती दिल्लीकडच्या एमएमटीसी-पॅम्प कंपनीची, पण तेव्हाच्या नाण्यांवर राणी एलिझाबेथ आहे.

तेरा लाख म्हणजे दुर्मिळ नाही, सोन्याच्या भावावर थोडं जास्त मिळेल, चांगल्या स्थितीत असेल तर अजून थोडं. पण मला विचाराल तर एका सालाचं, एका शहराचं, ते पण आपल्या शहराचं नाणं आणि ते कडी न लावता शाबूत राहिलंय, हे मला त्या सीलबंद खोक्यातल्या एडवर्डपेक्षा जास्त भारी वाटतं. तो एडवर्ड कोणाच्या लग्नात गेला नाही की कोणाच्या पूजेत बसला नाही.

टवाळ_कार्टा

म्हणजे काकांना ऑनलाइन बोलवायचं का परत?

पेठेतला_सराफ

नको, राहू दे त्यांना 😀 फक्त एक, १९०७ चं नाणं आता शंभर वर्षांच्या वरचं आहे आणि १९१८ चंही. शंभर वर्षांवरचं नाणं आपल्या कायद्यात, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात, पुरावस्तू धरतात, ते देशाबाहेर न्यायला बंदी आहे. "लंडनला लिलावात पाठवतो, मला कमिशन द्या" असं म्हणणारा कोणी भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. देशात विकायला हरकत नाही.

चिन्मयी_जोग

मस्त धागा. एक शंका, आठव्या एडवर्डचं काहीच नाणं आपल्यासारख्याला परवडणारं नाही का? मला त्याची स्टोरी फार आवडली, काहीतरी ठेवावंसं वाटतंय.

नाणेवेडा

आहेत की. ब्रिटिश इंडियाने त्याच्या नावाचं एकही काढलं नाही, त्या वर्षीच्या नाण्यांवर पाचवा जॉर्जच आहे. पण कच्छ आणि जोधपूर संस्थानांनी त्याचं नाव घालून १९३६ मधे नाणी काढली! चेहरा नाही, नुसतं नाव. कच्छच्या कोरी नावाच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला तिथले राजे महाराव खेंगारजींचं नाव नागरीत आणि दुसरीकडे फारसीत एडवर्ड. मुंबई-पुण्याच्या नाणे प्रदर्शनांत शोधलीत तर मिळतील आणि खिशाला भोक पडणार नाही. भोकावरून आठवलं, पूर्व आफ्रिका, पश्चिम आफ्रिका, फिजी, न्यू गिनी इथेही त्याच्या नावाची नाणी निघाली, बहुतेक मधे भोक असलेली, म्हणून चेहऱ्याचा प्रश्नच आला नाही आणि ती लवकर तयार झाली. आणि इंग्लंडमधे सप्टेंबर १९३६ मधे त्याची टपाल तिकिटं निघाली होती, ती तर शेकड्याने मिळतात, त्यावर तोंड पण आहे, डावीकडे.

चिन्मयी_जोग

वा! कोरी शोधते. फारसी वाचता येत नाही पण फोटोवरून कळेल ना?

नाणेवेडा

कळेल, साल बघा, नागरी बाजूला संवत १९९२ किंवा १९९३ असतं. पण नुसत्या सालावर जाऊ नका, त्याच संवतात पाचव्या जॉर्जच्या आणि सहाव्या जॉर्जच्याही नावाची आहेत, त्यामुळे घेण्याआधी फारसी बाजूचा क्लोजअप इथे टाका, वाचून सांगतो.

गावठी_गिऱ्हाईक

आमच्याकडे व्हिक्टोरियाची अर्धी गिन्नी आहे, डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी राणी, १८९८. किती येतील?

पेठेतला_सराफ

दादा, वेगळा धागा काढा, आणि दोन्ही बाजूंचे फोटो टाका. उजेडात, फ्लॅश न मारता.